सोबत दोघांची, जबाबदारी तिसऱ्याची

एके काळी मराठी घरात पोपटाचा पिंजरा ही काही नवलाची वस्तू नव्हती. वाड्याच्या ओसरीवर, चाळीच्या गॅलरीत, नाहीतर माजघराच्या खिडकीशी तो टांगलेला असे. कर्ती माणसे कामावर गेली, पोरे शाळेत गेली की मागे दोघेच उरत. एक पिंजऱ्यातला मिठू आणि दुसरी गुडघ्यांनी अधू झालेली एखादी आजी. तिने त्याला भिजवलेली डाळ द्यायची, हिरवी मिरची द्यायची, ‘विठू विठू’ म्हणायला शिकवायचे आणि त्याने दुपारभर तेच तिला ऐकवायचे. ‘म्हातारीचा वेळ जातो’ एवढेच घरचे म्हणत. या व्यवहारात उपचारासारखे काही आहे, असे कुणाला वाटत नव्हते. तो पोपट पिलू असताना झाडाच्या ढोलीतून ओढून काढलेला होता, याचाही विचार कुणी करत नव्हते.

आज हे दोन्ही विचार करावे लागतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पक्ष्यांना संरक्षण दिले आणि १९९०-९१पासून त्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली. आपला हिरवा, गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला पोपट घरात ठेवणे हा आज गुन्हा आहे. तो कितीही माणसाळलेला असला, कितीही लाडका असला तरी.

पण पिंजरे काही संपले नाहीत. त्यांतले पक्षी बदलले. ऑस्ट्रेलियातून जगभर पसरलेले चिमुकले बजरीगर, ज्यांना आपल्याकडे सर्रास ‘लव्हबर्ड्स’ म्हणतात. डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी टिकली असलेले कॉकॅटील. आणि पैसेवाल्यांच्या घरी आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा. मुलाच्या वाढदिवसाला जोडी येते. सहा महिन्यांत तिचे नावीन्य ओसरते. मग बदली होते, घरमालक कुरकुर करतो, परीक्षेच्या दिवसांत कलकलाट नकोसा होतो, आणि पिंजरा कुणाच्या तरी गळ्यात मारला जातो. काही जण तर ‘पुण्य लागेल’ म्हणून पिंजऱ्याचे दार उघडून मोकळे होतात. पिंजऱ्यातच जन्मलेल्या बजरीगरला आपल्या शहरात दाणे कुठे मिळतात हे ठाऊक नसते आणि कावळ्यापासून कसे लपावे हेही ठाऊक नसते. ते पुण्य बहुधा एका दिवसात कावळ्याच्या नाहीतर मांजराच्या वाट्याला जाते. नशीबवान असतात ते कुणाच्या तरी बाल्कनीत उतरतात आणि प्राणिमित्र संस्थांपर्यंत पोहोचतात.

दुसरीकडे माणसांचीही अशीच मागे राहण्याची गोष्ट आहे. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे सुमारे दहा कोटी अडतीस लाख होती. मुले बंगळुरूला, अमेरिकेला. इकडे पुण्या-ठाण्यात, नाशिक-नागपुरात तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी आई नाहीतर एकटे वडील. लिफ्ट बंद पडली की चार-चार दिवस खाली उतरणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये एकटेपणाच्या प्रश्नावर स्वतंत्र आयोग नेमला. त्या आयोगाचा २०२५चा अहवाल सांगतो, की जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणाने ग्रासले आहे.

मग सरळ विचार मनात येतो. घर हवे असलेला पक्षी आणि सोबत हवी असलेले माणूस, यांची गाठ का घालून देऊ नये? विचार चांगला आहे. पण तो अमलात आणताना कुठल्या टोकाने धरायचा, यावर सारे अवलंबून आहे.

बेगोनिया आणि बजरीगर

या प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेणारा एक जुना प्रयोग इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातला आहे. रॉजर मगफर्ड आणि त्यांचे सहकारी मॅकॉमिस्की यांनी तो १९७५मध्ये प्रसिद्ध केला. एकट्या राहणाऱ्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या पेन्शनरांपैकी काहींना त्यांनी एक-एक बजरीगर दिला, काहींना बेगोनियाची कुंडी दिली आणि काहींना काहीच दिले नाही. कुणाकडे टीव्ही आहे आणि कुणाकडे नाही, हेही पाहिले. काही महिन्यांनी पुन्हा विचारपूस केली तेव्हा पक्षी मिळालेल्यांचा कल वेगळा दिसला. स्वतःच्या तब्येतीकडे आणि इतर माणसांकडे पाहण्याची त्यांची नजर सुधारली होती. टीव्ही असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नव्हता.

प्रयोग लहान होता, माणसे मोजकी होती. तेव्हा त्यावरून मोठे मनोरे रचू नयेत. पण त्यातले एक निरीक्षण मोलाचे आहे. पक्षी आल्यावर या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याचा विषयच बदलला. एरवी कुणी भेटायला आले की सांधेदुखी, बद्धकोष्ठ आणि गेलेले दिवस यांपलीकडे गाडी जात नसे. आता आल्यागेल्याला सांगण्यासारखे आजचे काहीतरी होते. आज त्याने काय केले, काय खाल्ले, कसा रुसला! शेजारची मुले पक्षी बघायला डोकावू लागली. म्हणजे पक्ष्याने सोबत दिली ती दिलीच, शिवाय माणसांची सोबत घरात आणली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले आहे आणि त्याची कहाणी जगभर पोहोचवली ती एका मराठी वंशाच्या डॉक्टरने. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन या छोट्या गावी चेस मेमोरियल नावाचे वृद्ध-शुश्रूषागृह आहे. १९९१मध्ये तिथे बिल थॉमस हा तरुण डॉक्टर रुजू झाला. सारे काही स्वच्छ, नेटके. पण माणसे मात्र विझत चाललेली. कंटाळा, एकटेपणा आणि असहायता या तीन रोगांनी ही माणसे मरत आहेत, असे त्याचे निदान होते. त्यावर त्याने दोन कुत्री, चार मांजरे आणि शंभर पोपटवर्गीय पक्षी आणले. पक्षी आले तेव्हा पिंजरे अजून पोहोचले नव्हते! पक्षी एका खोलीत मोकळे सोडून दिले गेले आणि पिंजरे आल्यावर ते जोडण्याची नि शंभर पक्षी पकडण्याची जी धांदल उडाली, ती पाहायला काचेबाहेर आजी-आजोबांची गर्दी झाली. हसून हसून त्यांची पुरेवाट झाली.

पुढे दोन वर्षे जवळच्याच दुसऱ्या शुश्रूषागृहाशी तुलना केली गेली. इथल्या माणसांना लागणारी औषधे तिथल्याच्या निम्म्यावर आली, मृत्यूंचे प्रमाण पंधरा टक्क्यांनी घटले. डॉ. अतुल गावंडे यांनी २०१४च्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात हे सविस्तर सांगितले आहे. त्याच पुस्तकात ते आपल्या आजोबांविषयीही लिहितात. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावी सीताराम गावंडे जवळपास एकशेदहा वर्षे जगले, भरल्या घरात, शेतीवर स्वतःची नजर ठेवून. न्यू बर्लिनच्या पक्ष्यांत आणि उटीच्या शेतात तसे साम्य काय? दोन्हीकडे म्हाताऱ्या माणसाला सकाळी उठण्यासाठी काहीतरी कारण होते. आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, ही भावना होती.

मात्र तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही टाकले पाहिजे. १९९६मध्ये अमेरिकेतच चाळीस वयस्क रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यांतल्या काहींच्या खोलीत दहा दिवस बजरीगरचा पिंजरा ठेवला. त्यांचे नैराश्य स्पष्टपणे कमी झाले, पण एकटेपणाच्या भावनेत म्हणावा असा फरक दिसला नाही. मला यात विसंगती वाटत नाही. खोलीत टांगलेला पिंजरा करमणूक करतो. एकटेपणा हटायचा तर त्या पक्ष्याचे काही आपल्या हाती असावे लागते. नुसते पाहण्याने सोबत होत नाही, करण्याने होते.

पक्ष्याचाही एकटेपणा

इथवर सारे माणसाच्या बाजूने झाले. पक्ष्याची बाजू कोण मांडणार?

पोपटाची जात थव्याने राहणारी. रानात तो दिवसभर कुणाला तरी साद घालत असतो आणि कुणाची तरी साद ऐकत असतो. पिंजऱ्यात एकट्याने ठेवला तर तो किंचाळतो, एकच हालचाल तासन्‌तास करत राहतो, कित्येकदा स्वतःचीच पिसे उपटून उघडाबोडका होतो. २०१४मध्ये युरोपातल्या संशोधकांनी आफ्रिकन ग्रे पोपटांच्या रक्तातले ‘टेलोमिअर’ तपासले. पेशींची झीज सांगणारे हे गुणसूत्रांचे टोक एकट्या ठेवलेल्या पक्ष्यांत जोडीने राहणाऱ्यांपेक्षा आखूड आढळले. म्हणजे एकटेपणा पोपटालाही आतून म्हातारा करतो.

२०२३मध्ये एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध झाला. घरोघरी पाळलेल्या अठरा पोपटांना घंटी वाजवून ‘व्हिडिओ कॉल’ मागायला शिकवले. पडद्यावर चित्रे दिसत, त्यांतून कोणत्या पोपटाशी ‘बोलायचे’ हे त्यांनीच चोचीने निवडायचे. पंधरा पोपट शेवटपर्यंत टिकले. काहींची ठरावीक मित्रांशी गट्टी जमली. रविवारी सकाळी न्यू जर्सीच्या नातवाचा फोन येईल म्हणून मोबाइल समोर ठेवून बसणारे आजोबा आणि घंटी वाजवणारा हा पोपट यांच्यात अंतर ते किती!

नेमके इथेच या दोघांचे जमू शकते. पक्षी सोडून देण्यामागचे एक मोठे कारण म्हणजे त्याला वेळ देता येत नाही. सकाळी आठला कुलूप लावून रात्री आठला परतणारे जोडपे पोपटाच्या काय उपयोगाचे? त्याला हवे असते दिवसभर घरात असणारे माणूस. घरी बसून असणे हे आपण म्हातारपणाचे उणे समजतो. पक्ष्याच्या लेखी तीच सर्वांत मोठी लायकी आहे. ज्या माणसाला ‘आता तुम्ही काही करू नका, नुसते बसून राहा’ असे सगळे सांगतात, त्याच्या बसून राहण्याला इथे किंमत येते.

लॉस एंजेलिसमध्ये याचे एक धीट उदाहरण उभे राहिले. लॉरिन लिंडनर या मानसोपचारतज्ज्ञ युद्धावरून मनाने जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांबरोबर काम करत होत्या आणि टाकून दिलेल्या पोपटांनाही आसरा देत होत्या. पोपटांच्या सहवासात एरवी मुके असलेले सैनिक बोलू लागतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून माजी सैनिकांच्या सरकारी वैद्यकीय केंद्राच्या आवारातच ‘सेरेनिटी पार्क’ हे पक्ष्यांचे आश्रयस्थान सुरू झाले. सैनिकांनी पिंजरे धुवायचे, फळे चिरायची, पक्ष्याशेजारी बसायचे. पोपट हे मुळात भित्रे सावज. मोठा आवाज, एकदम केलेली हालचाल त्याला खपत नाही. त्याच्या जवळ जायचे तर माणसाला आवाज खाली आणावा लागतो, धीर धरावा लागतो. संतापाने पेटलेल्या माणसाला कुठल्याही उपदेशाने जे साधत नव्हते, ते पिसे उपटलेल्या एका काकाकुव्यापुढे साधत होते.

तरीही एक टोचणी राहतेच. एका कैद्याची करमणूक म्हणून दुसऱ्याला कैदेत ठेवायचे का? पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे, त्यांना पिंजऱ्यात डांबता येणार नाही, असे मत दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०१५मध्ये एका प्रकरणात नोंदवले होते. हे मत मनाला पटते. पण जो पक्षी पिंजऱ्यातच जन्मला आणि ज्याचा मुलूख सात समुद्रांपलीकडे आहे, त्याला आकाश देणे म्हणजे मरण देणे. त्याच्यापुरता प्रश्न एवढाच उरतो, की उरलेले आयुष्य कसे घर मिळावे? म्हणूनच अशा सोबतीसाठी पक्षी विकत आणू नये. दुकानातून एक जोडी उचलली की तिच्या जागी दुसरी येते. आधीच बेघर झालेल्याला घर देण्यातच या कल्पनेचे सगळे समर्थन आहे.

कुठला पक्षी, कुठले घर?

आपल्याकडे पहिली गाळणी कायद्याची. वन खात्याने सोडवलेले देशी पोपट, मुनिया, डोंगरी मैना कितीही गरजू माणूस असला तरी घरी देता येत नाहीत. त्यांची जागा वन खात्याच्या देखरेखीखालच्या उपचार केंद्रांत. नागपूरला सेमिनरी हिल्सवर असे केंद्र आहे. उडता येऊ लागलेल्यांना तिथून रानात परतवायचे असते. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा हे आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले विदेशी पक्षी. ते ज्याच्या ताब्यात असतील त्याने सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी केली पाहिजे, असा नियम २०२४मध्ये आला. शिवाय ग्रे पोपट चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो. ऐंशीच्या आजोबांना तो देणे म्हणजे त्याला पुन्हा अनाथ करण्याची तारीख ठरवणे होय. उरले बजरीगर आणि कॉकॅटील. ते त्या यादीत नाहीत. बजरीगर पाच ते दहा वर्षे, कॉकॅटील पंधरा-वीस वर्षे. खऱ्या अर्थाने सोबतीला द्यायचे तर हेच.

दुसरी गाळणी घराची. दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्या माणसाला पक्षी देऊ नये. पिसांचा भुगा छातीला बाधतो. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला होणारा ज्वरही आहे, म्हणून आधी पक्ष्याची पशुवैद्याकडून तपासणी आणि काही दिवस वेगळे ठेवणे हवेच. पक्ष्याच्या बाजूनेही धोके आहेत. तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने तो मिनिटांत मरू शकतो. उदबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूर त्याला सोसत नाही. आणि पिंजऱ्याबाहेर काढण्यापूर्वी छतावरचा पंखा बंद करायला विसरलात, तर नंतर हळहळण्यात अर्थ नसतो. ज्याची आठवण दगा देऊ लागली आहे, अशा माणसावर पक्षी एकट्याने सोपवू नये. एवढ्याशा जिवाचे एक-दोन दिवस दाणापाणी चुकले तरी प्राणावर बेतते.

आणि तिसरी गाळणी सर्वांत नाजूक. त्या माणसाला पक्षी हवा आहे का? अमेरिकेतल्या मुलीला वाटते म्हणून आईच्या घरी पिंजरा धाडणे म्हणजे आईला सोबत देणे नव्हे, स्वतःच्या मनाची बोच कमी करणे आहे. चार दिवस पक्षी राहू द्यावा, मग विचारावे. ‘नको’ म्हणण्याची मुभा असेल तरच ‘हो’ला अर्थ.

तिसऱ्याची गरज

इतके सगळे जुळले तरी एक प्रश्न उरतो आणि बहुतेक म्हातारी माणसे तोच प्रश्न आधी विचारतात. ‘माझ्यामागे याचे काय?’ रुग्णालयात जावे लागले तर याला कोण बघणार? पक्षी पाळायची हौस असूनही कित्येक जण या एका विचाराने हात आखडता घेतात.

इंग्लंडमध्ये १९८५मध्ये स्थापन झालेल्या ‘सिनॅमन ट्रस्ट’ने याचे उत्तर शोधले. वृद्ध आणि असाध्य आजारी माणसांच्या पाळीव प्राण्यांसाठी ही संस्था काम करते. स्वयंसेवक घरी येऊन मदत करतात. मालक रुग्णालयात असेल तोवर प्राणी सांभाळतात. आणि मालक गेल्यावर त्या प्राण्याची आयुष्यभराची जबाबदारी आधीच दिलेल्या शब्दाप्रमाणे घेतात.

आपल्याला हे अगदी परके नाही. खेड्यात शेळी अर्धलीने देण्याची रीत आहे. शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, आणि दोघांचेही तिच्याकडे लक्ष. पक्षी असाच द्यावा. तो संस्थेचाच राहावा, माणसाने फक्त सांभाळावा. दर पंधरवड्याला संस्थेच्या कुणीतरी घरी जावे, राळ्या-बाजरीची पिशवी पोहोचवावी, नखे वाढली का पाहावे, वाकून पिंजरा घासणे जमत नसेल तर घासून द्यावा. माणूस आजारी पडला तर पक्षी घेऊन जावा, बरा झाला की परत आणावा. यासाठी मोठा निधी लागत नाही. एखादे ज्येष्ठ नागरिक मंडळ, एखादी प्राणिमित्र संस्था आणि महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची दहा मुले-मुली एकत्र आली तरी एका पेठेपुरते हे काम उभे राहू शकते.

यात सोय पक्ष्याची दिसते, पण खरा लाभ वेगळाच आहे. एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे ‘तुमची विचारपूस करायला आलो’ म्हणून कुणी गेले की त्याचा स्वाभिमान दुखावतो. ‘मला काय झालंय?’ असे म्हणून दार अर्धेच उघडले जाते. पण ‘पक्षी बघायला आलो’ म्हटले की दार पुरते उघडते, चहाचे आधण चढते, आणि पक्ष्याच्या तक्रारी सांगता सांगता आजी स्वतःच्या दोन गोष्टी सांगून जातात. पायाला सूज आहे, गोळ्या संपल्या आहेत, मुलाचा बरेच दिवस फोन नाही. यॉर्कशायरच्या त्या बजरीगरने अर्ध्या शतकापूर्वी हेच केले होते.

म्हणून पक्षी हे एकटेपणावरचे औषध आहे असे समजून घरोघरी पिंजरे वाटत सुटू नये. तसे केले तर एका टाकलेल्या जिवाशेजारी दुसरा टाकलेला जीव नेऊन ठेवल्यासारखे होईल आणि दोघांनाही विसरून जाणे आपल्याला अधिक सोपे जाईल. पक्षी द्यायचा असेल तर त्याच्याबरोबर दर पंधरा दिवसांनी दारावरची बेल वाजवणारे माणूसही द्यायला हवे. तेवढी तयारी नसेल, तर पिंजरा न देता नुसती बेल वाजवली तरी चालेल. कुणाच्या तरी शेजारी, याच मजल्यावर, ती वाजण्याची वाट पाहणारे कुणीतरी आजही असेल.